काकांचं बोलणं कॉम्प्युटरात राहिलं

गल्लीत त्यांना सगळे पडदेकाकू म्हणायचे. लग्नाच्या आधीपासून त्या पडदे शिवत होत्या. आजूबाजूच्या घरांत, दोन दवाखान्यांत आणि एका मोठ्या सभागृहात त्यांच्या हातचे पडदे लटकत होते. घराची पुढची खोली त्यांची. तिथे कापायचं लांब टेबल, खिडकीशी शिवणाची मशीन आणि जिथे जागा मिळेल तिथे कापडाचे तागे. मागची खोली त्यांच्या नवऱ्याची. ते रेडिओ दुरुस्त करायचे, म्हणून ते रेडिओकाका. दोन खोल्यांमधलं दार कधी लावलेलं नसायचं. तरीही त्यातून शब्दांची ये-जा बेताचीच होती.

काका मुळात बोलायचेच कमी. "हं", "बघू", "चालेल" एवढ्यावर त्यांचा दिवस निभायचा. काकूंना गप्प बसणं जमायचं नाही, त्यामुळे त्या दोन्ही बाजूंचं बोलून टाकायच्या. "दार रंगवायला झालंय, नाही का? झालंयच. पण आत्ता नको म्हणाल. ठीक आहे, पुढच्या वर्षी." काका मान हलवायचे आणि विषय संपायचा. शेजारणींना काकू हसत सांगायच्या, "आमच्याकडे रेडिओ बोलतात, रेडिओवाले नाही." हसत सांगायच्या खऱ्या, पण एखाद्या दुपारी मशीनवर एकट्याच बसल्या की वाटायचं, या माणसाला आपल्याला सांगण्यासारखं खरंच काही नसेल का? मग त्या मशीनचं चाक जोरात फिरवायच्या.

पुढे रेडिओ घेऊन येणारी माणसं आटली. दुकान बंद करून काकांनी सगळं सामान मागच्या खोलीत आणलं. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती, तिने आपला जुना कॉम्प्युटर बाबांना दिला. त्यावरून काकांना जगभरातले लोक सापडले. कुणाकडे आजोबांचा रेडिओ, कुणाकडे बाजारातून उचललेला. सगळे मेल पाठवून विचारायचे, हा घरघरतो का, तो गरम का होतो. संध्याकाळी मागच्या खोलीतून बटणांचा टकटक आवाज यायला लागला की काकूंना कळायचं, चालली उत्तरं. काय लिहिताय, असं त्यांनी एकदोनदा विचारलं. "रेडिओचं," काका म्हणाले. रेडिओचं म्हणजे रेडिओचंच असणार, म्हणून काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

एका सकाळी काका बेसिनपाशी उभे असताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. काकूंनी हाक मारली. ते वळले तर चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली. मेंदूतली रक्ताची गुठळी, डॉक्टर म्हणाले. आठवडे दवाखान्यात गेले. पाय सावरला, उजवा हात थोडाफार उठायला लागला. परत आले नाहीत ते शब्द. समोरच्याचं सगळं कळायचं, डोळ्यांत उत्तर दिसायचं, पण बोलायला गेले की एकच शब्द बाहेर पडायचा. "तेच." पाणी हवं असलं तरी तेच, खिडकी बंद करायची असली तरी तेच, राग आला तरी तेच. आपल्या तोंडून भलतंच निघालं हे त्यांना ऐकूही यायचं. मग ते डावा हात मांडीवर आपटायचे आणि पुन्हा म्हणायचे, "तेच, तेच!"

दवाखान्यात बोलण्याचा सराव घेणारी एक बाई होती. कामाची पक्की, पण घाई न करणारी. तिने काकूंना विचारलं, "यांना कशावर बोलायला आवडायचं?"

"बोलायला?" काकू म्हणाल्या. "ते बोलायचेच नाहीत हो."

"कुणाशीच नाही?"

काकूंनी जरा विचार केला. "कॉम्प्युटरशी बोलायचे. लोकांना मेल लिहायचे, रोज."

बाईचे डोळे चमकले. "मग ते आणा. वर्तमानपत्रातलं वाचून घेण्यापेक्षा माणसाची स्वतःची वाक्यं जिभेवर लवकर येतात. आपण त्यांच्यासोबत तीच वाचू."

घरी येऊन काकूंनी काकांना खुर्चीत बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कॉम्प्युटर स्वतः सुरू केला. आतला पंखा विमान उडाल्यासारखा घोंघावला, जळकट वास आला आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. पुन्हा बटण दाबलं तर काहीच नाही. काकांनी मागून कपाळाला हात लावला.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने मशीन उघडून पाहिलं आणि मान हलवली. "हे गेलं, काकू. पण आतली डिस्क शाबूत आहे." त्याने ती काढली, एका चपट्या डब्यात बसवली, डब्याला वायर जोडली आणि साबणाच्या वडीसारखी त्यांच्या हातात दिली. "नव्या मशीनला लावा. यांचं सगळं यात आहे."

काकूंनी ती पिशवीत न टाकता हातातच धरून घरी आणली. इतक्या वर्षांचं एवढंसंच, त्यांना वाटत राहिलं.

मुलीने नवा कॉम्प्युटर पाठवला. मांडून जोडून दिला दुरुस्तीवाल्यानेच, पण आतलं हलवायचं काम रविवारी सकाळी मुलीने फोनवरून चालवलं. काकूंनी फोन कापडाच्या ताग्याला टेकवून उभा केला. काका शेजारी खुर्चीत.

"आई, डिस्क दिसतेय? तिच्यात 'युजर्स' आणि त्याच्या आत बाबांच्या नावाचं फोल्डर असेल. त्यावर दोनदा क्लिक कर."

काकूंनी केलं. एक चौकट उघडली. काकूंनी चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं. "या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही."

"कंटिन्यू दाब."

"दाबलं. आता म्हणतोय, परवानगी नाकारलेली आहे. हा कोण टिकोजीराव मला नाकारणारा? चाळीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही!"

मुलगी हसली. "आई, त्याला काय माहीत. जुन्या कॉम्प्युटरवर ते फोल्डर बाबांच्या मालकीचं होतं. नवा कॉम्प्युटर तुझ्या नावाने चालतोय. त्याच्या दृष्टीने तू दुसऱ्याच्या कपाटात हात घालतेयस. आता फोल्डरवर उजवं बटण दाब."

"उजवं म्हणजे?"

"माऊसचं उजवं, आई. सगळ्यात खाली 'प्रॉपर्टीज'. तिथे 'सिक्युरिटी'. मग 'ॲडव्हान्स्ड'. वर 'ओनर' लिहिलेलं असेल, म्हणजे मालक. त्याच्यापुढे काय आहे?"

काकू पडद्याच्या जवळ सरकल्या. "नाव नाहीच. एक इंग्रजी अक्षर आणि मग आकडेच आकडे. संपतच नाहीत."

"ते बाबाच. नवा कॉम्प्युटर त्यांना ओळखत नाही ना, म्हणून नावाऐवजी आकडे दाखवतोय."

काकूंनी वळून काकांकडे पाहिलं. ते आकड्यांच्या त्या ओळीकडे टक लावून बघत होते. दवाखान्यातही त्यांच्या मनगटावर अशीच आकड्यांची पट्टी बांधली होती, हे काकूंना आठवलं.

"शेजारी 'चेंज' आहे," मुलगी सांगत होती. "तिथे तुझं नाव घाल."

काकूंचा हात माऊसवर थांबला. "यांच्या सामानावर माझं नाव?"

"आई, नुसती सोय आहे ती."

"सोय असू दे." त्यांनी खुर्ची काकांकडे वळवली. "अहो, तुमच्या सगळ्यावर माझं नाव घालतेय. त्याशिवाय हे उघडत नाही म्हणे. घालू का?"

"तेच," काका म्हणाले. पण त्या शब्दावर काही अवलंबून नव्हतं. काकू त्यांच्या मानेकडे बघत थांबल्या. जरा वेळाने काकांनी सावकाश मान खाली केली, वर केली. मग काकूंनी आपलं नाव एकेक अक्षर शोधत टाईप केलं.

बाहेरचं फोल्डर उघडलं आणि दोघींनी एकदम "झालं!" म्हटलं. पण आतल्या फोल्डरने पुन्हा तीच चौकट दाखवली. त्याच्या शेजारच्यानेही. मुलीने आपल्या ऑफिसातल्या कुणालातरी फोन केला आणि परत आली. "आई, एक चौकोन राहिला. मालक बदलतो तिथेच खाली लिहिलंय बघ, आतल्या सगळ्यांना लागू करा. त्यात खूण कर."

तेवढं करूनही गाडी अडली. मेलची फाईल सापडली, दिसली, पण उचलली जाईना.

"आता काय? आता तर मी मालकीण आहे ना?"

"मालकीण आहेस, पण परवानगी वेगळी असते. ती तुझी तुलाच द्यावी लागते. 'ॲड' दाब, पुन्हा तुझं नाव घाल आणि 'फुल कंट्रोल'वर खूण कर."

"मालकिणीने स्वतःकडेच परवानगी मागायची," काकू पुटपुटल्या. "कुणी बनवलंय हे, त्याच्या घरी जाऊन बघायला पाहिजे एकदा." काकांच्या घशातून बारीक आवाज आला. झटक्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते.

या वेळी फाईल उचलली गेली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायला लागली. दुपारी केव्हातरी मेलचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर उघडला आणि पडद्यावर नावांच्या ओळी भराभर उतरू लागल्या. मुलगी फोन ठेवून आपल्या कामाला लागली. काका थकून आडवे झाले. काकूंनी म्हटलं, सरावाच्या बाईंसाठी दोनचार चांगले बघून ठेवू.

पहिलं उत्तर एका शिक्षिकेला होतं, तिच्या वडिलांच्या रेडिओबद्दल. काकांनी लिहिलं होतं: "सर्वात आधी प्लग काढा. काढलात? नाही, तुम्ही वाचता वाचता पुढे आलात. मागे जा आणि खरोखर काढून या. मी इथेच थांबलो आहे." काकूंना हसू फुटलं. हे यांनी लिहिलंय? दुसरा मेल एकाच्या घरघरणाऱ्या रेडिओबद्दलचा. "आवाज घों घों असा येतो की गुं गुं? घों घों येत असेल तर आतला कंडेन्सर म्हातारा झाला आहे, बदलून टाका. गुं गुं असेल तर रेकॉर्ड करून मला पाठवा. दुरुस्ती नंतर बघू, मला असे आवाज ऐकायला आवडतात." आणि मग लहानपणी ऐकलेल्या पहिल्या रेडिओबद्दल, त्याच्या हिरव्या डोळ्यासारख्या दिव्याबद्दल पानभर. तिसरा, चौथा. एका म्हाताऱ्याची बायको गेली होती. त्याला काकांनी रेडिओबद्दल एक ओळ लिहिली होती आणि बाकी सगळं नुसतं त्याच्याबरोबर बसल्यासारखं.

काकू वाचत राहिल्या. एखाद्या घराला आपण रोज बाहेरून बघावं आणि एक दिवस आत जाऊन पाहिलं तर खोल्यांमागे खोल्या निघाव्यात, तसं त्यांना झालं. मग एक जुना मेल समोर आला, रेडिओच्या तोंडावर लावायच्या कापडाबद्दल. त्या कापडासाठी काका अधूनमधून पुढच्या खोलीत यायचे, रेडिओचं खोकं दाखवायचे आणि काकू ताग्यातून तुकडा निवडून बसवून द्यायच्या. काका बघून म्हणायचे, "चालेल."

मेलमध्ये लिहिलं होतं: "कापडाचं मला विचारू नका. सोबतच्या फोटोतलं कापड आमच्या घरातल्या तज्ज्ञांनी निवडलं आहे. आवाज आरपार गेला पाहिजे अशी विरळ वीण हवी, आणि तरी आतला काळोख दिसता कामा नये. एकाच कापडाकडून ही दोन्ही कामं करून घेणं मला कधी जमलं नाही. त्यांना नुसता हात फिरवून कळतं. मी बाजूला उभा राहून बघतो."

काकूंनी तो पुन्हा वाचला. डोळे भरून यायला हवे होते, पण आला तो राग. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. काका जागे होते.

"तज्ज्ञ!" काकू म्हणाल्या. "कुठल्या कोण माणसाला लिहिता, आमच्या घरातल्या तज्ज्ञ! आणि मला काय म्हणायचात? चालेल! आयुष्यभर चालेल! पानंच्या पानं जगाला वाटलीत, अहो, माझ्या वाट्याला एक ओळ नाही आली? मी काय भिंतीपलीकडे राहत होते?"

काकांचं तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. काकूंना लगेच वाटलं, काय केलं आपण हे, ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी भांडलो. पण राग काही ओसरला नाही. त्या पुढच्या खोलीत जाऊन मशीनवर बसल्या आणि दवाखान्याच्या पडद्याची पट्टी उलट्या बाजूने शिवून ठेवली. ती सगळी उसवावी लागली.

एकदोन दिवस त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं नाही. काकांचं जेवण, औषधं, पायाचा व्यायाम सगळं वेळच्या वेळी केलं, पण दोन्ही बाजूंचं बोलणं थांबलं. घरात अशी शांतता कधी नव्हती.

मुलीला फोनवर त्यांनी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी फोन केला की मलाही ते 'आईला देतो' एवढंच म्हणायचे. मला वाटायचं माझ्यावर नाराज आहेत." आणि पुढे, "आई, ते नवे मेल अजून येत नाहीयेत. तुला दिसतायत ते सगळे जुने. ते लोक वाट बघत असतील गं."

हे मात्र काकूंना लागलं. बायको गेलेला तो म्हातारा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्या पुन्हा पडद्यासमोर बसल्या. नवे मेल आणायचे तर पासवर्ड हवा होता. मुलीने आपला वाढदिवस, घराचा नंबर, दुकानाचं नाव सगळं घालून पाहायला लावलं. दर वेळी लाल अक्षरांत, पासवर्ड चुकीचा आहे. शेवटी काकूंनी आपलं नाव घालून पाहिलं. तोही चुकीचा निघाला. काकांना समोर बसवलं, पण बटणांवर त्यांचा डावा हात नुसताच भिरभिरला आणि मांडीवर आपटला.

"'पासवर्ड विसरलात' असं आहे, ते दाब," मुलगी म्हणाली. "बाबांनी स्वतः ठेवलेला एखादा प्रश्न येईल."

प्रश्न आला. लहानपणी घरात तुम्हाला काय म्हणत?

काकूंना उत्तर माहीत नव्हतं. सासूसासरे केव्हाच गेलेले. हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, काकांची मोठी बहीण. नणंदेचं आणि काकूंचं कधी भांडण नव्हतं, पण फोन करायचा तर काहीतरी कारण लागायचं. काकूंनी फोन लावला. विचारपूस झाली. मग त्यांनी विचारलं, "ताई, यांना लहानपणी घरात काय म्हणायचे?"

"त्याला? बडबड्या."

काकूंना वाटलं, नणंदेला कमी ऐकू येतं, तिने काहीतरी दुसरंच ऐकलं. "यांना, ताई. तुमच्या भावाला."

"अगं हो, त्यालाच. तोंड मिटायचं नाही त्याचं. आई म्हणायची, घास गिळताना तरी श्वास घे रे. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून गोष्टी सांगायचा." नणंद हसली, आणि हसता हसता तिचा आवाज खाली आला. "मग शाळेत जायला लागला आणि बोलताना अडकायला लागला. पहिलंच अक्षर धरून बसायचा, पुढे सरकायचं नाही. पोरं नक्कल करायची. एकदा वर्गात मास्तरसुद्धा हसले. आमचे बाबा तापट. म्हणाले, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस. त्याने ते मनावर घेतलं."

"पण ताई, मी यांना कधी अडखळताना ऐकलं नाही."

"कसं ऐकशील? कुठल्या शब्दावर अडकणार हे त्याला आधी कळायचं. तो शब्दच घ्यायचा नाही. दुसरा शोधायचा, नाहीतर गप्प राहायचा. लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाला, ताई, तिला सांगू नकोस. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर त्याला फार जड जायचं गं. कधी नावाने हाक मारली त्याने तुला?"

काकूंनी आठवून पाहिलं. "ऐकतेस का," "अगं," "जरा बघ." नावाने कधीच नाही. जुन्या वळणाचा माणूस, एवढंच त्या समजत आल्या होत्या.

"मी सांगायला हवं होतं का गं?" नणंदेने विचारलं.

"काय माहीत, ताई," काकू म्हणाल्या. "तुम्ही इकडे या ना. त्यांना बरं वाटेल. मलाही."

बडबड्या हा शब्द इंग्रजी अक्षरांत कसा लिहायचा यात एकदा चूक झाली. दुसऱ्यांदा कुलूप उघडलं. नवा पासवर्ड ठेवून झाल्यावर मेल यायला लागले ते थांबेचनात. सुरुवातीचे रेडिओचे प्रश्न, मग आठवणी, मग काळजीचे. "आपलं उत्तर आलं नाही. तब्येत बरी आहे ना?" "रेडिओचं राहू द्या, दोन ओळी लिहा." बायको गेलेल्या म्हाताऱ्याने दर आठवड्याला लिहिलं होतं.

काकूंनी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला आणि काकांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं.

"ताईंनी सांगितलं मला. अक्षर अडायचं ते."

काकांनी चेहरा खिडकीकडे फिरवला.

"इकडे बघा. अडलं असतं तर थांबले असते मी. मला कुठे गाडी पकडायची होती?" काकूंचा आवाज चिरकला. "मी आपली दोन्हीकडचं बोलत सुटले. मला वाटलं तुमच्याकडे सांगायला काही नाही. आणि तुम्हाला वाटलं असेल, हिला ऐकायलाच वेळ नाही."

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डावा हात काकूंच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "तेच."

काकू रडता रडता हसल्या. या वेळी शब्द बरोबर होता.

सराव सुरू झाला. सरावाची बाई काकांच्या जुन्या मेलमधलं एकेक वाक्य मोठ्या अक्षरांत समोर धरायची, काकू आणि ती दोघी मोठ्याने वाचायच्या आणि काका मागून धरायचा प्रयत्न करायचे. कित्येक दिवस नुसता हुंकार. मग एकदा "सर्वात आधी प्लग" इथवर दोघींनी म्हटलं आणि "काढा" काकांनी म्हटलं. बाई वाचायची थांबली. काका स्वतःच दचकले होते. मग आनंदाने सगळं वाक्य त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं, घरी जाताना रिक्षावाल्यालासुद्धा. त्याने प्लग कुठला म्हणून मागे वळून पाहिलं.

प्रगती सरळ रेषेत झाली नाही. एखादा आठवडा सगळं परत "तेच"वर यायचं. तेव्हा काका चिडायचे, कागद ढकलून द्यायचे, आणि काकूही चिडायच्या. पण संध्याकाळी दोघं मेल घेऊन बसायचे. काकू प्रश्न वाचायच्या, काका कागदावर डाव्या हाताने वेडंवाकडं चित्र काढायचे, कुठला भाग काढायचा, कुठला ठेवायचा. काकू एका बोटाने उत्तर लिहायच्या. "हे सांगतायत ते, मी लिहितेय. माझं काही चुकलं तर त्यांच्या नावावर घालू नका." कित्येकांना एवढंच कळवावं लागलं की आता त्यांना जमणार नाही. त्यावरही लोकांची उत्तरं यायची, लांबलचक. काकू ती मोठ्याने वाचून दाखवायच्या.

काकूंचं नाव उच्चारताना काका पहिल्या अक्षरावर थांबायचे. ओठ मिटलेले, मान ताठ. सरावाच्या बाईला वाटायचं हा झटक्याचा परिणाम. काकूंना माहीत होतं की ही थांबण्याची जागा फार जुनी आहे. त्या हातातलं काम खाली ठेवून नुसत्या बसून राहायच्या. काका आता दुसऱ्या शब्दाकडे पळत नसत. पळायला तेवढे शब्दच उरले नव्हते म्हणा. आणि एका दुपारी ते अक्षर सुटलं, मागोमाग सगळं नाव आलं. काकू "ओ" म्हणाल्या, एवढंच. काही काम होतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

मग काकूंच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. झटका आलेला माणूस थांबत थांबतच बोलणार, हे आता साऱ्या गल्लीने धरून चाललं होतं. पाववाला थांबायचा, शेजारी थांबायचे, पोस्टमन थांबायचा. कुणी हसत नव्हतं. लहानपणापासून काका ज्याला भीत आले होते ते आता चारचौघांत रोज घडत होतं आणि त्याने काही बिघडत नव्हतं. काका पावाच्या दुकानात उभे राहून तुटक तुटक हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. पाव आणायला गेलेला माणूस परत येईना म्हणून काकू गॅलरीत जाऊन डोकवायच्या.

थंडी सरता सरता एक पाहुणा आला. बोटीवर इंजिनाचं काम केलेला, आता निवृत्त. त्याच्याही मेलला उत्तर गेलं होतं, पण त्याला समजलं नव्हतं, म्हणून तो रेडिओ चादरीत गुंडाळून गाडीने निघून आला होता. काकूंनी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि चहा दिला. काकांनी रेडिओ उघडायला लावला, बोटाने दाखवलं आणि बोलायला लागले. वाक्यं अर्धवट, मधले शब्द गायब, एखाद्या अक्षरावर बराच वेळ मुक्काम. पाहुणा घाईतला नव्हता. त्याने हात चालवायचे, काकांनी सांगायचं, असं त्यांचं जमलं. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. तो दुसरा मिळेपर्यंत रेडिओ काही सुरू होणार नव्हता, हे पहिल्या थोड्या वेळातच कळलं. तरी दोघं उठेनात. काकांनी दुसरा रेडिओ काढला, मग तिसरा. त्या हिरव्या दिव्याची गोष्ट सुरू झाली.

पुढच्या खोलीत काकू सभागृहाच्या नव्या पडद्याचं कापड मापत होत्या. लांब कापड, पन्हा मोठा, चुण्या मोजून पाडायच्या होत्या. मागून आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. काकूंची मोजणी चुकली. पुन्हा सुरुवातीपासून मोजलं, पुन्हा चुकली. त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि दारातून डोकं आत घातलं.

"अहो, जरा हळू बोला ना. माझ्या चुण्या चुकतायत."

"ब-ब-बरं," काका म्हणाले, आणि पाहुण्याकडे वळून पुढचं सांगायला लागले.